मामाचं पेडल आणि करंटचं भेव

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे देवाचा कोपही नव्हता. भूत, हडळ, मुंजा ही मंडळी तर माझ्या जन्माआधीच आजोबांनी घराबाहेर काढली होती. गल्लीतल्या पोरी तिन्हीसांजेला चिंचेखालून जायला घाबरायच्या, मी खुशाल तिथे बसून चिंचा वेचायची. बाबा तहसिलीत कारकून होते. संध्याकाळी बशीतला चहा फुंकत ते आम्हाला सांगायचे, "जे दिसत नाही त्याले भ्यायचं नाही." पण हे त्यांचं वाक्य अर्ध्या घरापुरतंच खरं होतं. उरलेल्या अर्ध्या घरात देवमामा राहायचा, आणि देवमामाला जे दिसत नाही त्याचंच भेव होतं. करंटचं.

देवमामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ देवानंद. अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा. मी लहान असताना तो मंगरूळला आला की पायात टोकदार बूट, मागच्या खिशात कंगवा असा थाट असायचा आणि समोरच्या घरातल्या बाया उगाच दार झाडायला बाहेर यायच्या. मग एकदा तो आला तो परत गेलाच नाही. बरोबर चादरीत गुंडाळलेली गिटार होती, साबणाच्या वडीहून जरा मोठा आणि चांगला जड असा एक लोखंडी पिवळा डबा होता, आणि डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. काय झालं ते त्याने एकदाच सांगितलं, तेही जेवताना. ओल्या स्टेजवर कार्यक्रम चालू होता, डावा हात तारांवर होता, कोरसला आवाज द्यायला तो पुढे वाकला आणि माईक ओठाला टेकला. "हात सुटेच ना," तो म्हणाला. "अन् लोकं टाळ्या वाजवून राह्यले व्हते. त्यायले वाटलं, गडी रंगात येऊन नाचून राह्यला." बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. मायने त्याच्या ताटात आणखी बेसन वाढलं. मी त्या दिवसापासून टाळ्यांच्या आवाजालाही थोडी घाबरते. आता साठी उलटली तरी घाबरते.

मामा घरात राहायला आला आणि घराची तऱ्हाच बदलली. दिव्याचं बटण तो बोटाने दाबायचा नाही, लाटण्याच्या टोकाने दाबायचा. इस्त्री त्याने कापडात बांधून कोठीवर ठेवून दिली, त्यामुळे बाबा तांब्यात निखारे घालून शर्टाची कॉलर सरळ करायचे. मिक्सर घ्यायचं ठरलं होतं ते बारगळलं. ठेचा आणि जवसाची चटणी खलबत्त्यातच कुटली जात राहिली. आभाळ भरून आलं की मामा मेन स्विच पाडायचा आणि आम्ही चिमणीच्या उजेडात भाकरी खायचो. माय वैतागायची. "याले झटका एकदा लागला, पण हा आमाले रोज देऊन राह्यला," म्हणायची. गल्लीत लोक त्याला 'करंटमामा' म्हणू लागले. तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. मला मात्र त्याची भीती हळूहळू लागत गेली, गोवर लागावा तशी. वर्गातली ट्यूबलाइट गुणगुणली तरी माझं लक्ष फळ्यावरून उडायचं. पिठाच्या गिरणीत जाताना मी हात पदराच्या आत घ्यायची, आणि तेव्हा मी साडी नेसतही नव्हते, मायचा पदर धरून त्याच्या आत हात घालायची.

माय याच्या अगदी उलट. शांताबाई आणि पार्टी, एवढं नाव घेतलं की आमच्या तालुक्यात तिची ओळख पटायची. जयंती असो, नामकरण असो, लग्न असो, माय दोन फोटोंपुढे उभी राहून गायची. ते फोटो कोणाचे हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तिची गाण्याची तालीम चुलीपुढेच व्हायची. भाकर थापताना हाताच्या ठेक्यावर ती पद म्हणायची आणि वरचा सूर लागला की भाकर परातीतच थांबायची. तेवढ्यात तव्यावरची करपायची, मग ती करपलेली भाकर ती स्वतः खायची. वरच्या सुराला तिचा आवाज किंचित फाटायचा. तो फाटला की मांडवातल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. मायला कशाचंच भेव नव्हतं, ना लोकांचं, ना अंधाराचं, ना विंचवाचं. एकदा चुलीमागे साप निघाला तर तिने त्याला चिमट्याने ढोसत "जाय गा बाप्पा, सैपाक व्हाचा हाय" असं सांगितलं होतं.

मामाची बोटं तारेवर दाबायची नाहीत, म्हणून त्याने माझी बोटं धरली. मला गिटार शिकायची हौस नव्हती, पण तो रिकामा बसून वाकडी बोटं चोळत राहायचा ते मला बघवत नव्हतं. पहिला धडा सुरांचा नव्हताच. "कोणत्याबी लोखंडाले पह्यले उलट्या हातानं शिवजो," तो म्हणाला. "सरळ हातानं शिवशीन तं करंट मूठ आवळते, मंग सुटत नाही. उलट्या हाताले झटका बसला तं हात आपसूक मांगं येते." मी कितीतरी दिवस घरातलं प्रत्येक लोखंड उलट्या हाताने शिवून बघत होते, बादलीची कडीसुद्धा. गिटारची वायर बाबांच्या सेलवर चालणाऱ्या, रेडिओवाल्या टेपरेकॉर्डरला जोडून आम्ही वाजवायचो. बाबांचं बातम्यांचं तेवढं नुकसान व्हायचं.

मग एका दुपारी त्याने पिवळा डबा काढला. त्यावर तीन फिरवायची बटणं होती आणि पायाने दाबायची एक खुंटी. ऑर्केस्ट्रावाले त्याला पेडल म्हणत, ओव्हरड्राइव्हचं पेडल. गिटारची वायर डब्याच्या एका कानात जायची, दुसऱ्या कानातून निघून आवाज मोठा करणाऱ्या मशीनला जायची. मामाने खुंटी दाबली, मला तार छेडायला सांगितली, आणि टेपरेकॉर्डरमधून असा काही खरखरीत आवाज निघाला की मी गिटार जवळजवळ टाकलीच. माय आतून परात घेऊन धावत आली. "काय झालं? डुक्कर कापून राह्यले काय घरात?" बाबांना वाटलं, टेपचा स्पीकर फाटला. मला वाटलं, आता करंट येणार. एक मामाच शांत होता. ज्या डब्याचं आम्हाला भय वाटत होतं त्याचं त्याला काहीच वाटत नव्हतं. "हे नऊ व्होल्टच्या सेलवर चालते," तो म्हणाला. "याच्यात जीव घ्याचा दम नाही." मी तो चौकोनी सेल जिभेला लावून बघितला तेव्हा मात्र त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो उठून अंगणात जाऊन बसला.

त्या डब्याच्या आत काय होतं ते त्याने मला ज्वारीच्या कोठीपाशी नेऊन समजावलं. मापाची अधोली घेतली, तिच्यात ज्वारी ओतली, वर शीग आली तरी ओतत राहिला, आणि मग हात फिरवून शीग कापली. "सुरालेबी अशी शीग असते. मशीनचं माप ठरलेलं. मापाच्या वर ओतलं का शीग कापल्या जाते, सूर वरून सपाट होते. सपाट झाला का खरखरते. मशीन बिघडलं म्हून शीग कापली जाते तवा आपण म्हन्तो, आवाज फाटला. हे डबं जाणूनबुजून कापते, अन् आपल्याले पायजे तेवढीच कापते." मग बटणं. ड्राइव्ह म्हणजे किती ओतायचं, लेव्हल म्हणजे बाहेर किती द्यायचं, टोन म्हणजे चाळणी. आधी ड्राइव्ह अगदी कमी ठेवून लेव्हल अशी लावायची की डबा चालू असो की बंद, आवाज तेवढाच राहावा. मग ड्राइव्ह थोडा थोडा चढवायचा. भोंग्यावर वाजवायचं असेल तर टोन डावीकडे न्यायचा, कारण भोंगा मुळातच किंचाळतो, त्याला आणखी धार दिली तर लोक उठून जातात. हे सगळं झालं की उरलेलं काम हाताचं. तार हळू छेडली तर सूर स्वच्छ निघायचा, जोराने ओढली तर कडेला किंचित चिरायचा. म्हणजे खुंटी एकदाच दाबायची आणि रडवायचं की नाही ते बोटांनी ठरवायचं. हे मला जमायला पूर्ण एक उन्हाळा गेला.

आमच्या नातवाच्या फोनमध्ये आता असले शंभर डबे आहेत. काचेवर बोट फिरवलं की बटण फिरतं. परवा त्याने मला कानात घालून ऐकवलं, आवाज हुबेहूब होता. पण गुणगुण नव्हती. मी म्हटलं, यात हूं का नाही? तो म्हणाला, आजी, ती काढून टाकतात, ती कोणाला पाहिजे? मला तर त्या डब्याने सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या 'हूं'नेच. ड्राइव्ह चढवला की नुसते सूरच नाही, सगळेच बारीक आवाज मोठे होतात. ट्यूबलाइट, पंखा, शेजारच्या विहिरीवरची मोटर, सगळ्यांची गुणगुण त्या खरखरीत ऐकू येते. "चुप बसून ऐकत जाय," मामा म्हणायचा. "तारेले हात लावला का हूं कमी झाली पायजे. तसं झालं तं मशीन आपल्या जागी हाय. हात लावल्यावर हूं वाढली, तं समज, मशीनच्या अंगात करंट उतरला. मंग गाणं-गिणं पाहाचं नाही. पळाचं." हे तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा. कारण मशीनच्या अंगात उतरलेला करंट वायरीतून सगळीकडे जातो, गिटारच्या तारेत, पेडलच्या लोखंडात, आणि माईकमध्येही. आणि माईकपाशी माय असायची.

मायला तो आवाज आवडला, ही खरी अडचण झाली. एके दिवशी ती भाकरी थापत वरच्या सुराला गेली आणि मी सहज, ड्राइव्ह अगदी थोडा ठेवून, तिच्यामागे तीच जागा वाजवली. ती थांबली. पुन्हा गायली, मी पुन्हा वाजवली. "हे तं मायासारखं फाटते वं," ती म्हणाली, आणि हात तसेच पिठाचे ठेवून ऐकत बसली. दुसऱ्या पार्ट्यांकडे बेंजो होता, कोणाकडे कॅसिओ होता. शांताबाईच्या पार्टीत गिटार, तीही पोरीच्या हातात आणि तीही रडणारी, हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. मामा विरोध करून थकला. शेवटी म्हणाला, "ने पोरीले. पण रबरी चपला घालून गा, तूबी अन् तेबी." माय भडकली. "फोटोपुढं चपला घालून उभी राहू? मती फिरली काय तुयी?" मामा म्हणाला, "फोटोतले शिकलेसवरले व्हते. त्यायले समजन." मायने ऐकलं नाही. त्यावरून दोघं बहीणभाऊ कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलत नव्हते. मला मात्र मामाने बाजूला घेऊन बजावलं, अनवाणी असशील तर पाय पेडलवर ठेवू नको, खुंटी दाबायची तर गाण्याआधी, हाताने, लाकडाच्या ठोकळ्याने. ठोकळा त्याने स्वतः तासून दिला. मामा स्वतः कोणत्याच कार्यक्रमाला यायचा नाही. आम्ही निघालो की तो दारात उभा राहायचा आणि परत येईपर्यंत जेवायचा नाही.

असे काही कार्यक्रम सुखरूप पार पडले. प्रत्येक वेळी मी आधी तारेला उलटा हात लावायची, हूं कमी झाली की माझा श्वास सुटायचा. ढोलकीवाले किसनकाका हसायचे, "पोट्टी गिटारीची नाडी पाहून राह्यली." मग आलं ते लग्न, मेडशीच्या आतल्या एका खेड्यातलं. वधूपिता पुंडलिकभाऊ म्हणजे मायच्या माहेरच्या नात्यातले, त्यामुळे माय अंगातलं सगळं बळ लावून गाणार हे ठरलेलंच होतं. आम्ही एसटीने वाशीमला गेलो, तिथून मेडशीला, पुढे बैलगाडीने. ऊन मी म्हणत होतं. मांडवात धुरळा उडू नये म्हणून यजमानांनी सकाळपासून पाणी शिंपडलं होतं, आणि पाहुणे खूश व्हावेत म्हणून पुन्हा पुन्हा शिंपडत होते. मातीचा छान वास सुटला होता. सगळे म्हणत होते, काय गार वाटतं! मी त्या ओल्या मातीकडे पाहिलं आणि मला मामाचं ओलं स्टेज आठवलं. दोन फोटो आणि मूर्ती टेबलावर मांडली होती, त्यामुळे टेबलासमोर येणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या. मी माझ्या काढल्या. मायने तर मांडवाच्या दारातच काढल्या होत्या.

भोंगा आणि मशीन मंगरूळच्या रफिकभाईंचं होतं. त्यांना आम्ही ओळखत होतो, सावध माणूस. मी त्यांना विचारलं, "भाई, अर्थिंग हाय ना?" ते म्हणाले, "बेटा, बोर्ड तो इन्हींका है, लेकिन सुबह से चालू है, कुछ नहीं हुआ." मी खुर्चीवर बसले, पाय सतरंजीच्या कोरड्या घडीवर घेतले, ठोकळ्याने खुंटी दाबून पेडल चालू केलं आणि तारेला उलटा हात लावला. हूं कमी झाली, पण नेहमीसारखी पूर्ण नाही. मनात पाल चुकचुकली. तरी कमी झाली होती हे खरं. पंचशील झालं, मंगल झालं, पुंडलिकभाऊंचे थोरले भाऊ बूट घालून टेबलापासून लांब उभे राहून माईकवर आभाराचं बोलले, माईक हातात धरून बोलले, त्यांना काही झालं नाही. मांडवामागे हापशीवर बाया पाणी भरत होत्या आणि का कोण जाणे, एकमेकींना पुढे ढकलत खिदळत होत्या. मग किसनकाकांनी ढोलकीवर थाप मारली आणि माय उभी राहिली, अनवाणी, ओल्या मातीवर.

ती नेहमी पहिलं कडवं हात जोडून, डोळे मिटून म्हणायची. तोवर माईकला शिवायची नाही. वरच्या सुराची जागा जवळ आली की तिचा उजवा हात आपोआप माईकच्या दांड्यावर जायचा, आधाराला. ही तिची सवय साऱ्या तालुक्याला माहीत होती. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं होतं. तेवढ्यात वरपक्षाच्या मंडळींना उकडतंय म्हणून कोणीतरी कोपऱ्यातला मोठा कूलर चालू केला. आणि भोंग्यातली हूं एकदम चढली. कोणाच्या लक्षातही आलं नसेल, ढोलकीचा आवाज होता, लोक बोलत होते. मला मात्र ती मानेवरून चढल्यासारखी वाटली. मी तारेवरचा हात उचलला, हूं कमी झाली. उलटा हात टेकवला, हूं वाढली आणि बोटांच्या मागच्या बाजूने मुंग्या चढल्या. पळाचं, मामा म्हणाला होता. पण मी पळून काय होणार होतं? माय तिथे होती.

मी "माय" म्हणून ओरडले असं मला वाटलं. किसनकाका माझ्याकडे वळलेही नाहीत, म्हणजे तोंडातून आवाज निघालाच नसावा. मायचे डोळे मिटलेले होते. जोडलेले हात सुटले होते. उजवा हात हवेत वर आला होता आणि पंजाची बोटं उघडली होती, मला आजही तो हात दिसतो, मनगटात हिरवा चुडा होता आणि दोन बांगड्यांच्या मध्ये घामाचा थेंब होता. मला वाटलं, आता हा हात दांड्यावर जाणार आणि सुटणार नाही. लोक टाळ्या वाजवतील.

मी खुर्चीवरून उतरले. खाली वाकून तिन्ही बटणं हाताने उजवीकडे फिरवली, पार शेवटपर्यंत, ड्राइव्ह, टोन, लेव्हल. त्या गडबडीत ठोकळ्याचा धक्का लागून पेडल बंद पडलं. ठोकळा कुठे गेला ते बघायला वेळ नव्हता. मी पाय उचलला आणि खुंटीवर दिला, आणि गिटार भोंग्याच्या तोंडासमोर धरली.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येत नाही. शिगेवर शीग ओतली होती आणि भोंगा तेच परत गिटारीत ओतत होता. रेल्वेचं इंजिन मांडवात शिरून किंचाळावं तसं झालं. पोरं रडायला लागली, बैलांनी दावं तोडलं, नवरीने कानांवर हात ठेवले तेव्हा तिच्या हातातली फुलं खाली पडली. मायने दचकून हात मागे घेतला आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. तेवढा राग मी तिच्या डोळ्यांत आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. रफिकभाईंनी धावत जाऊन प्लग उपटला.

मग सगळे एकदम बोलायला लागले. नवरदेवाचा मामा म्हणाला, "लग्नात असा अवलक्षणी आवाज! कोनं बसवलं हे पोट्टीले अथी?" पुंडलिकभाऊ हात जोडून सगळ्यांना शांत करत होते. मी नुसती माईककडे बोट दाखवत होते. शेवटी रफिकभाईंनाच काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सगळ्यांना लांब केलं, प्लग परत लावला आणि खिशातला टेस्टर माईकच्या दांड्याला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. भर दुपारी, ऊन असताना तो लाल दिवा मागच्या रांगेपर्यंत दिसला असेल, कारण सगळा मांडव गप्प झाला. "कूलर बंद करो," रफिकभाई हळूच म्हणाले. कूलर बंद केला तसा दिवा मंद झाला. पुन्हा चालू केला तसा पेटला. ते वायरीमागे वायर धरत मांडवामागे गेले आणि हापशीपाशी थांबले. त्या गल्लीची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार वादळात तुटली होती. लग्न तर अडू द्यायचं नाही, म्हणून पुंडलिकभाऊंच्या पुतण्याने खांबावरून फेज घेतला होता आणि दुसरी तार हापशीच्या पाइपाला गुंडाळली होती, आणि बोर्डाची अर्थिंगही त्यालाच जोडली होती. आमच्याकडे तेव्हा गावोगाव असं करायचे, दिवा लागला की झालं. दोन बल्बांपुरतं ते निभायचं. कूलर ओढायला लागला तसा जमिनीत न मुरणारा करंट हापशीवर आणि मशीनवर उभा राहिला होता. बाया म्हणाल्या, हापशी सकाळपासून झिणझिण्या मारते, आम्ही सांगितलं तर माणसं म्हणाली, ऊन लागलं असेल.

वायर काढली. भोंगा मुका झाला. नवरदेवाचा मामा आता कोणाकडेच बघत नव्हता. माय परत दोन फोटोंपुढे उभी राहिली आणि माईकशिवाय, उघड्या आवाजाने, पहिल्या कडव्यापासून गायली. वरची जागा आली तेव्हा तिचा हात वर गेला नाही, पदरातच राहिला. म्हाताऱ्या रडल्या. मी पंगतीत बसले. मायने माझ्याशी एक शब्दही काढला नाही. मला वाटलं, नात्यातल्या लग्नात तिची शोभा झाली, ती आता मला कधी पार्टीत नेणार नाही, आणि ते बरंच झालं असंही वाटलं.

मेडशीच्या फाट्यावर एसटी मिळाली तेव्हा दिवस कलायला लागला होता. किसनकाका ढोलकीवर डोकं ठेवून झोपले. आम्ही दोघी पुढच्या बाकावर होतो. मांडीवर गिटार, तिच्यावर पिशवीत पेडल. माय बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. मग तिने खाली पाहिलं.

"पाय काहून थरथरून राह्यला तुया?"

"भेव लागलं माय," मी म्हटलं. तेवढं बोलले आणि रडू फुटलं.

तिने माझ्या दोन्ही गुडघ्यांवर एकेक हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"भेवानं दोनी पाय थरथरतात वं," ती म्हणाली. "तुया एकच थरथरून राह्यला."

तेव्हा मला कळलं की खुंटीवर मी हाच पाय दिला होता, अनवाणी, आणि दुसरा ओल्या मातीवर होता. मायने वाकून तो पाय उचलला, मांडीवर घेतला, तळव्याचा एक भाजलेला कोपरा अंगठ्याने चाचपला आणि तिचा हात थांबला. समोर कंडक्टर तिकिटासाठी उभा होता, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. कशालाच न भिणारी माझी माय तो पाय दोन्ही हातांनी छातीशी धरून वाशीम येईपर्यंत कापत होती.